डांबराचे तीन हात

नोटीस लिफ्टशेजारच्या फळ्यावर चिकटवली होती, पाण्याच्या वेळा आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध. माळीणबाईंनी ती आधी चष्म्याशिवाय वाचली आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून खिशातून चष्मा काढला. चष्म्यातूनही तेच दिसलं. आवारातलं चिंचेचं झाड धोकादायक झाल्यामुळे येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मुळासकट काढलं जाईल. रहिवाशांनी कृपया आपापल्या गाड्या हलवून ठेवाव्यात. सहकार्याबद्दल धन्यवाद.

"धन्यवाद म्हणे!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की लिफ्टची वाट बघणारा दूधवाला दचकला. "शंभर वर्षांचं झाड पाडायचं आणि काळजी कसली, तर गाड्यांची!"

"मी नाही लावली हो ती," दूधवाला म्हणाला आणि लिफ्ट सोडून जिन्याने गेला.

बाईंचा आवाज सगळ्या कॉलनीच्या ओळखीचा होता. त्यांच्या आधी त्यांचे वडील इथे माळी होते. वडील म्हणायचे, झाड दुखलं तरी ओरडत नाही, म्हणून माळ्याने ओरडायचं असतं. बत्तीस घरांचं एकमत होतं की वडिलांचा हा एक उपदेश लेकीने जरा जास्तच मनावर घेतला. छत्तीस वर्षं त्या ओरडत आल्या होत्या. खोडाला खिळा ठोकून कपड्यांची दोरी बांधणाऱ्यावर, मुळांवर रंगाचे डबे धुणाऱ्यावर, फांदीला झोका बांधून तो सोडायला विसरणाऱ्यावर.

दोन इमारती समोरासमोर, चार-चार मजल्यांच्या. मध्ये आवार, आणि आवाराच्या मध्यापासून जरा पश्चिमेला ही चिंच. इमारती बांधणाऱ्याने ती ठेवली ती काही प्रेमापोटी नाही, मुळं काढायला फार दिवस लागले असते म्हणून. पण ठेवली. इथे पाऊस म्हणजे घाईतला पाहुणा, उंबऱ्यावरूनच परत फिरणारा. समुद्र मात्र चार गल्ल्या पलीकडून रोज घरात येतो. वाऱ्यासोबत मीठ येतं, खिडक्यांच्या काचांवर पांढरी साय धरते, गज गंजतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत चिंचेच्या पश्चिमेकडच्या पानांच्या कडा करपून जातात, इस्त्री जास्त तापल्यासारख्या. अशा ठिकाणी म्हातारं झाड जगवायचं तर चिकाटी लागते. बाई कोरड्या महिन्यांत दर वीस दिवसांनी नळी घेऊन यायच्या आणि झाडाचा पसारा जिथे संपतो तिथे, खोडापासून दहा-बारा पावलांवर, बारीक धार सोडून बसायच्या. तासाभराने नळी पुढे सरकवायची. असा अख्खा दिवस, अख्खा वळसा.

"खोडाला का नाही घालत पाणी?" कोणीतरी नवीन रहिवासी दरवर्षी विचारायचाच.

"तुम्ही पोळी तोंडाने खाता की पाठीला चोळता?" बाई विचारायच्या. "याचं तोंड तिथे आहे, बाहेर."

सात वर्षांपूर्वी त्या तोंडावरच पेव्हर ब्लॉक बसले. सगळं आवार गुळगुळीत झालं, खोडाभोवती हातभर मातीचं कडं तेवढं उरलं. ब्लॉक अध्यक्षांच्या दुकानातले होते, अध्यक्षपदही अध्यक्षांचंच होतं, त्यामुळे बैठक पाच मिनिटांत आटोपली होती. मग कॉलनीला येणारं पाणी कमी झालं आणि कमिटीने बागेचा नळ बोअरला जोडला. बोअरचं पाणी खारं. बाईंनी तीन अर्ज दिले. अर्ज फाइलमध्ये गेले आणि फाइल कपाटात. तेव्हापासून गच्चीवरच्या टाक्या धुताना जे गोडं पाणी वाया जायचं, ते बाई नळीने खाली उतरवत होत्या आणि ब्लॉकांच्या फटींमधून झाडाला पाजत होत्या. वीस दिवसांचे कधी तीस व्हायचे, कधी चाळीस.

आणि आता ही नोटीस.

अध्यक्ष आवारातच होते. चिंचेच्या सावलीत गाडी उभी करून, बाह्या सरसावून, ओल्या फडक्याने टप पुसत होते.

"साहेब, ही नोटीस कोणाच्या डोक्यातून निघाली?"

"कमिटीच्या."

"कमिटीला डोकं कधी आलं?"

अध्यक्षांनी फडकं पिळलं. बाईंशी बोलताना ते नेहमी हाताला काहीतरी काम ठेवायचे. "बाई, गेल्या आठवड्यात फांदी पडली की नाही? वारा नाही, वादळ नाही, भर दुपारी धाडकन. माणसाच्या मांडीएवढी. स्कूटरची सीट फाटली. तिथे कोणी असतं तर?"

"पडली ती का पडली, हे विचारलं कोणी मला?"

"झाड म्हातारं झालंय. पोकळ आहे. करवतवाला सांगून गेला."

करवतवाल्याचं नाव निघताच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या दोन महिने घरी पडून होत्या, आणि तेवढ्यात कमिटीने या माणसाला बोलावून झाड 'स्वच्छ' करून घेतलं होतं. त्याने मशीन घेऊन आतल्या सगळ्या बारीक फांद्या सोलून काढल्या आणि प्रत्येक मोठ्या फांदीच्या टोकाला पानांचा एकेक झुपका ठेवला.

"किती सुटसुटीत दिसत होतं तेव्हा," अध्यक्ष म्हणाले.

"सुटसुटीत? साहेब, ती बादली उचला. पाण्याने भरलेली. हात लांब करा. अजून लांब. आता धरा तशीच."

"काहीतरीच काय बाई!"

"पाच मिनिटं नाही धरवणार तुम्हाला. त्या फांद्यांनी वर्षभर धरली. सगळं वजन टोकाला, आत आधाराला एक डहाळी नाही. त्यात उन्हाचा ताण. पडली नसती तर नवल. ज्याने पाडली त्यालाच तुम्ही विचारता झाड कसं आहे म्हणून! म्हणजे चोराच्या हाती चाव्या."

तोवर दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. अध्यक्षांनी आवाज उतरवला. नगरपालिकेची परवानगी आलेली आहे, ते म्हणाले. तिथला माणूस येऊन बघून गेला.

"गाडीतून न उतरता बघून गेला. मी होते इथे."

"मग तुमचं म्हणणं काय? पोकळ नाही?"

"नाही. भरीव आहे." इथे बाईंनी एक गोष्ट केली, जिचा त्यांना पुढे पश्चात्ताप होणार होता. त्यांनी मान वर करून सगळ्या गॅलऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "शनिवारी सकाळी माझी मुलगी वर चढेल आणि वीत-वीत ठोकून बघेल. संध्याकाळी तुमच्या बैठकीत मी सांगीन. कुठे पोकळ निघालं तर मी एक अक्षर बोलणार नाही. चालवा करवत!"

"ऐकलंत सगळ्यांनी," अध्यक्ष म्हणाले आणि पुन्हा गाडी पुसू लागले.

तळमजल्यावरच्या आजी दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होत्या. वय शहाऐंशी. त्या रोज संध्याकाळी दोन तांबे पाणी खोडाच्या बुडाशी ओतायच्या. बागेच्या नळाचं, म्हणजे बोअरचं. बाईंनी शंभरदा सांगितलं होतं, आजी, हे मीठ पाजताय तुम्ही त्याला. आजींचं उत्तर ठरलेलं, "अगं, दोन तांब्यांनी काय होतंय?" आज त्या एवढंच म्हणाल्या, "शनिवारी मुलीला दोन दोर बांध."

आणि तिसऱ्या मजल्यावरून एक बाळंतीण खाली आली. तिचं बाळ आठ महिन्यांचं. दुपारी वरची गच्ची तापली की ती बाळाला बाबागाडीत घालून फाटकाजवळच्या बाकाशी आणायची, चिंचेच्या पश्चिमेच्या मोठ्या फांदीखाली. तिथे वारा लागायचा आणि पोर तासभर झोपायचं. फांदी पडली त्या दिवशी ती नुकतीच वर गेली होती.

"माळीणबाई, मला झाड आवडतं हो," ती म्हणाली. "पण त्या दिवसापासून मला झोप नाही. तुम्ही खात्रीने सांगाल ना?"

या प्रश्नावर ओरडता येत नव्हतं. "सांगीन," बाई म्हणाल्या.

मुलीला सगळे खार म्हणायचे. एकोणतीस वर्षांची, शिडशिडीत. लहानपणी गुडघे कधी एका वेळी दोन्ही धड नसायचे. ती दोराने झाडावर चढायचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आली होती, कमरेला पट्टा, डोक्याला शिरस्त्राण, झाडाला एक खिळाही न मारता. बाईंच्या काळी नुसता दोर असायचा आणि वडिलांचा आवाज. आता गुडघ्यामुळे बाई खालीच उभ्या राहायच्या, दोराचं टोक हातात धरून. मुलगी वर असेपर्यंत त्या मान खाली घालत नसत. त्यामुळे मानही गेली होती.

"भरीव आहे म्हणून सांगूनच आलीस?" खार घरी जमिनीवर बसून दोर तपासत होती. बोटाबोटाने, इंच-इंच. "ठोकायच्या आधी?"

"मला माहीत आहे ते झाड."

"आई, तुला डांबर पण माहीत होतं."

हे दुखणं जुनं होतं. त्यांच्या वडिलांची पद्धत अशी, की मोठी फांदी कापली की तिचा सड, म्हणजे उरलेला खुंट, अजिबात ठेवायचा नाही. लाकडाला अगदी घासून, सपाट, हात फिरवला तर कळू नये असं कापायचं. मग वर डांबराचे तीन हात. पहिला वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. चांगल्या माळ्याची सही म्हणजे ती काळी, गुळगुळीत टिकली. दहा वर्षांपूर्वी खार प्रशिक्षणाहून आली आणि म्हणाली, आई, हे चूक आहे. फांदी जिथून फुटते तिथे मनगटासारखा फुगवटा असतो, झाड जखम भरतं ते त्या मनगटातून. ते कापून टाकलं तर भरणार कुठून? आणि डांबराखाली ओल कोंडते, लाकूड आतून कुजतं. वरून दिसत नाही एवढंच.

आठ दिवस माय-लेकींचं भांडण चाललं होतं. "तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं केलं ते चूक?" "हो." "मी केलं ते चूक?" "हो, आई." मग बाई गुपचूप जुनी झाडं बघत हिंडल्या आणि एक दिवस डांबराचा डबा माळ्यावर टाकून दिला. चुकलं असं काही म्हणाल्या नाहीत. डबा टाकला, यातच काय ते आलं. आजोबांचा ब्रश मात्र टाकवला नाही.

शनिवारी सकाळी खार वर गेली. बाईंनी पट्ट्याची कडी तीनदा ओढून बघितली. "आई, आता मी मोठी झाले," खार म्हणाली. "कडी लहान आहे अजून," बाई म्हणाल्या आणि चौथ्यांदा ओढली.

खारीच्या कमरेला लाकडी मोगरी लटकत होती. ती एका जागी थांबायची, मोगरीने ठोकायची, कान द्यायची. टक्. टक्. भरीव लाकडाचा आवाज बंद मुठीसारखा असतो. खोड सगळीकडून ठोकून झालं, टक्. फांदी तुटली होती ती जागा, टक्. पूर्वेच्या दोन्ही फांद्या, टक् टक्. दर आवाजासरशी बाई गॅलऱ्यांकडे बघत होत्या, ऐकताय ना, अशा तोऱ्यात. अध्यक्षांच्या खिडकीचा पडदा हलला तेव्हा त्यांनी त्या पडद्याकडेही बघून घेतलं.

मग खार पश्चिमेच्या मोठ्या फांदीवर सरकली. बाकावरून, फाटकावरून जाणारी तीच फांदी. टक्. टक्. ढब्.

बाईंचे हात दोरावर आवळले.

ढब्. ढब्. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखं. तिने कमरेची सळई काढली, कुठेतरी खुपसली. सळई आत जाताना बाईंना खालून दिसली. हातभर आत गेली.

"आई," वरून हलका आवाज आला. "इथे डांबर आहे."

बाईंना वर बघायची गरज नव्हती. ती जागा त्यांना पाठ होती. या झाडावर त्यांनी स्वतः कापलेली ती पहिली मोठी फांदी. तीस वर्षं झाली. वडील खाली उभे राहून ओरडत होते, अजून घासून, अजून घासून! त्यांनी इतकं घासून कापलं की वडील नंतर वर चढून आले आणि त्या सपाट लाकडावरून तळहात फिरवून म्हणाले, आता तू माळीण झालीस. पुढे कितीतरी वर्षं त्या ती काळी टिकली लोकांना बोटाने दाखवायच्या. ती बघा, माझी. लोकांना खालून काही दिसायचं नाही, ते उगाच मान हलवायचे.

खार खाली उतरली. तिच्या मुठीत तपकिरी भुसा होता, ओला, चहाच्या चोथ्यासारखा. काळ्या कवचाचा एक तुकडाही होता, वरून अजून गुळगुळीत.

"किती?" बाईंनी विचारलं.

"ती फांदी बुडाशी निम्म्याहून जास्त गेली. खोडात वीतभर उतरलंय, तिथे थांबलं. त्याच्या खाली सगळं भरीव. झाडाने आत भिंत घातलीये, आई. चांगली जाड. झाड ठीक आहे. फांदी नाही."

"बाकावरची फांदी."

"हो."

बाई त्याच बाकाकडे बघत होत्या. फांदी पडल्यापासून नऊ दिवस त्या जगाला शिव्या देत होत्या. ब्लॉक, बोअर, करवत. सगळं खरं होतं, एकही शिवी वाया गेलेली नव्हती. आणि ज्या फांदीखाली पोर झोपत होतं ती आतून खाल्ली होती त्यांच्याच हाताने. आपलं ठेवायचं झाकून, तेसुद्धा डांबराचे तीन हात देऊन, आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून.

"मला तेव्हा तिसरा महिना होता," त्या एकदम म्हणाल्या. "तुझा. बाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर चढू दिलं नसतं."

खारीने हातातला भुसा बघितला. "म्हणजे या चुकीत मी पण होते तर."

बाईंना हसू आलं आणि रडूही, त्यांनी दोन्ही नाकातच संपवलं.

"संध्याकाळी काय सांगणार आहेस?" खारीने विचारलं. "तू जाहीर करून बसलीस ना, कुठे पोकळ निघालं तर एक अक्षर बोलणार नाही म्हणून. त्यांना तेवढंच पुरे आहे. सगळं झाड जाईल. आपण आज काही न बोलता पुढच्या आठवड्यात 'छाटणी' म्हणून ती फांदी काढू शकतो. कोणाला कळणारही नाही."

"आणि तोवर?"

"तोवर बाक हलवू."

बाईंनी तिच्या मुठीतला काळा तुकडा खिशात टाकला आणि घरी गेल्या.

बैठक आवारातच भरली, चिंचेच्या सावलीत, कारण सभागृहात उकडत होतं. ज्याला पाडायचं त्याच्याच सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंच्या मनात हे आलं आणि त्यांचा गेलेला राग परत आला. बरंच झालं. रागाशिवाय त्यांना उभं राहता आलं नसतं. करवतवालाही येऊन बसला होता, मशीन पायाशी घेऊन.

"बोला बाई," अध्यक्ष म्हणाले. "भरीव?"

"खोड भरीव. पूर्वेच्या फांद्या भरीव. पश्चिमेची मोठी फांदी पोकळ."

गलका झाला. करवतवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"

"तू सांगितलंस, ठोकलं नाहीस. आंधळ्याचा दगड आंब्याला लागला म्हणून तो नेमबाज होत नाही. गप बस. मी एक अक्षर बोलणार नाही म्हणाले होते, तो शब्द मी मोडणार आहे, आणि तुम्हाला ऐकावं लागेल." बाईंनी खिशातून काळा तुकडा काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. "हे डांबर. मी लावलेलं. तीस वर्षांपूर्वी मी इथे चुकीची कापणी केली, वर हे थापलं आणि वर्षानुवर्षं मिरवलं. आत कुजलं. ती फांदी माझ्यामुळे गेली. दुसऱ्या कोणामुळे नाही."

मग अध्यक्ष सावकाश हसले. "म्हणजे शेवटी चूक तुमची."

"हो, माझी. मी माझी सांगितली. आता तुम्ही तुमची सांगा."

"माझी कसली?"

"खुर्चीखाली बघा. सात वर्षांत त्या मुळांना सरळ पाण्याचा घोट नाही. फाइलमध्ये बघा, माझे तीन अर्ज आहेत, खाऱ्या पाण्याचे. मागच्या वर्षीचं ते स्वच्छतेचं पत्र बघा, खाली सही कोणाची आहे? मी अडाणीपणाने एक फांदी मारली साहेब. तुम्ही सगळ्यांनी मिळून, शिकलेल्यांनी, सांगूनसवरून अख्खं झाड मारायला काढलंत, आणि तरीही ते मरेना, तर आता म्हणता म्हातारं झालं! माणूस म्हातारा झाला आणि एक दात किडला, तर दात काढतात की माणूस पुरतात?"

मागून कोणीतरी हसलं. अध्यक्षांना हसू आलं नाही. "भाषण छान आहे. पण उद्या अख्खं झाड कोसळलं तर?"

तेव्हा बाळंतीण उभी राहिली. बाळ खांद्यावर होतं. "माळीणबाई, मला एकच सांगा. ती फांदी काढली, तर मी बाळाला बाकावर आणू शकते?"

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. हो म्हटलं असतं तर तिथेच जिंकल्या असत्या. खारीने डोळे मिटून घेतले.

"नाही," बाई म्हणाल्या. "एवढ्यात नाही. मोठी फांदी गेली की झाडाचा तोल बदलतो. त्या बाजूला मी वर्षभर दोर लावून ठेवीन, खाली कोणी बसायचं नाही. बाक पूर्वेला, भिंतीजवळ न्या. तिथल्या फांद्या आम्ही ठोकून बघितल्यात, तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा ठोकू. वारा कमी लागेल तिथे. पण सावली आहे."

बाळंतिणीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "इतक्या दिवसांत मला सगळ्यांनी काही होत नाही म्हणून सांगितलं," ती म्हणाली, "नाहीतर झाड तोडा म्हणून. कुठे बसू, हे कोणी सांगितलं नव्हतं. माझं मत झाडाला."

मग हात वर झाले. सतरा वर, अकरा खाली, उरलेले मोबाइलमध्ये. अध्यक्षांनी दोनदा मोजले. ठरलं असं: झाडाला एक वर्ष. फांदी उद्याच काढायची. बागेचा नळ गोड्या पाण्याला जोडायचा, आठवड्यातून एक दिवस. आणि काही झालं तर जबाबदारी माळीणबाईंची, लेखी.

"सावली बत्तीस घरांची आणि जबाबदारी एका बाईची," खार मोठ्याने म्हणाली. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. बाईंनी सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

"आणि ब्लॉक?" त्यांनी विचारलं. "फांद्यांच्या टोकापर्यंतचे काढायला हवेत."

इथे मात्र सतराच्या सतरा हात मांडीवर आले. तेवढ्या जागेत सहा गाड्या उभ्या राहत होत्या. झाड सगळ्यांना हवं होतं, माती कोणालाच नको होती. कोणी घड्याळ बघू लागलं, कोणी चपला शोधू लागलं.

"माझी जागा उखडा," आजी खुर्चीतून म्हणाल्या.

"तुमची कुठली जागा, आजी?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्या ह्यांची. गाडीची जागा, कागदावर आहे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. तिथे तुझी दुसरी गाडी उभी असते, मी कधी काही बोलले नाही." आजींनी बाईंकडे बघितलं. "दोन तांबे मी ओतत होते ना रोज? त्याची भरपाई समज."

रविवारी सकाळी फांदी उतरली. करवतवाला मशीन घेऊन आला होता, त्याला बाईंनी फाटकावरूनच परत पाठवलं. खार वर, बाई खाली दोरावर. हाताच्या करवतीने, तुकड्यातुकड्याने, प्रत्येक तुकडा दोराला बांधून सावकाश जमिनीवर. शेवटचा तुकडा कापताना आधी खालून काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे साल सोलवटून खोडापर्यंत येत नाही. मग उरलेला सड. खारीने मनगटाचा फुगवटा बोटांनी चाचपला आणि त्याच्या बाहेरून करवत चालवली. तिरकी, जरा ओबडधोबड. अजून घासून म्हणायला खाली कोणी नव्हतं. कापाच्या मध्ये मूठभर काळोख होता आणि भोवती पिवळसर, जिवंत लाकडाचं जाड कडं.

"असंच उघडं ठेवणार?" अध्यक्षांनी गॅलरीतून विचारलं. "वरून काही लावत नाही? डांबर वगैरे?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

दुपारी आजींच्या जागेवरचे ब्लॉक निघाले. खाली माती होती म्हणायची, खरं तर पांढरट, दगडासारखी घट्ट वडी. बाई आणि खार दोघींनी ती काट्याने हलकेच सैल केली, मुळांना न दुखवता, आणि वर सुक्या पानांचा वीतभर थर पसरला. शंभर वर्षांच्या झाडाला एका गाडीएवढी जमीन मिळाली. बाईंनी तिथे नळी ठेवली आणि गोड्या पाण्याची बारीक धार सोडली. पाणी आधी वर साचलं, मग एकाएकी आत ओढलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई कामावर आल्या. आजींच्या जागेवर, सुक्या पानांच्या थरावर, एका गाडीची पुढची दोन चाकं चढलेली होती. काल पसरलेली पानं दबून सपाट झाली होती.

बाई एका पायाने जिना चढत, दुसरा पाय ओढत दुसऱ्या मजल्यावर गेल्या. लिफ्ट चालू होती, पण लिफ्टमध्ये राग थंड होतो. त्यांनी अध्यक्षांची बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

दार उघडलं. अध्यक्ष, तोंडात ब्रश, अंगावर टॉवेल.

"गाडी काढा," बाई म्हणाल्या.

"बाई, पाच मिनिटांत..."

"आत्ता. किल्ली आणा, मी इथेच उभी आहे."